अमूल्य मार्गदर्शन

पाहुणे वक्ते उद्धवराव यांच्या भाषणातला गरुड दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा आकाशात झेपावला, तेव्हा रुख्मिणीने हातातली वही मिटली. हाच गरुड तीन वर्षांपूर्वी याच मांडवात झेपावला होता. तेव्हाही त्याने स्वतःची जुनी पिसं चोचीने उपटली होती आणि बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

बेल्याच्या महिला महासंघाचं इतिवृत्त रुख्मिणी चौदा वर्षं लिहीत होती. कोण आलं, काय बोललं, काय ठरलं, सगळं तिच्या वळणदार अक्षरात. यंदाच्या मेळाव्याला बोलवायचा तो फवारणीवर बोलणारा जाणकारच, असा आग्रह तिनेच धरला होता. मागच्या हंगामात कौशल्याबाईंची सून रूपाली फवारलेल्या कापसात वेचताना चक्कर येऊन पडली आणि चार दिवस दवाखान्यात होती. नागपूरहून मानधन देऊन माणूस आणायचा, तर बायांच्या पदरात काही पडावं, एवढंच रुख्मिणीचं म्हणणं. माणूस कोण ते सुधाकररावांनी ठरवलं. तिने त्याला बायांचे प्रश्न लिहून पाठवले, वर फोनही केला. "हो हो, ताई, सगळं घेतो," उद्धवराव म्हणाले होते.

आणि घेतलं काय, तर गरुड!

दोनशे बाया ऐन वेचणीतला दिवस मोडून सकाळी नऊपासून सतरंजीवर बसल्या होत्या. पाहुणे उगवले साडेबाराला. मग दीपप्रज्वलन, मग हार. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचे सत्कार आधी झाले. रुख्मिणीच्या अंगाचा तिळपापड होत होता.

सुधाकरराव म्हणजे अध्यक्षबाईंचे यजमान. महासंघात त्यांना एकही पद नव्हतं, म्हणून सगळी पदं तेच सांभाळत. ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "आभार उरका लवकर. सरांले इचोड्याले दुसरा कार्यक्रम हाये."

आभार मानणं हे रुख्मिणीचं दरवर्षीचं काम. ती उठली, माइक हातात घेतला.

"आभार मानते जी. पन आधी कौशल्याबाईले एक इचारायचं हाये."

कौशल्याबाई गुडघ्यावर हात टेकत उभ्या राहिल्या. "साहेब, फवारा मारल्यावर किती दिवसानं वेचाले जावं? मालक म्हनते, उद्याच या. माही सून पडली, तशी दुसरी कोनी पडू नये म्हून इचारते."

उद्धवराव गोड हसले. "आई, मन खंबीर असलं की शरीर साथ देतं. सकारात्मक विचार करा."

"मन खंबीरच हाये जी," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमी दिवस सांगा."

मांडवभर हसू पसरलं. उद्धवरावांनी घड्याळ पाहिलं. "ते असं करा, एखाद्या जाणकाराला विचारा."

"जानकारालेच तं बोलावलं होतं आमी!" रुख्मिणी माइकवरच बोलून गेली.

आता कोणी हसलं नाही. सुधाकररावांनी घाईघाईने पाहुण्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ कोंबला आणि गाडी इचोड्याच्या दिशेने धुरळा उडवत निघून गेली. मग ते तरातरा तिच्याकडे आले.

"पाहुन्याची अशी शोभा करते का कोनी? आता वहीत तरी नीट लिवा. अमूल्य मार्गदर्शन केले. नेहमीसारखं."

"नाही लिवत."

"काऊन? तीन वर्साखाली तं तुमीच लिवलं!" त्यांनी वही ओढून मागची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पाहा. याच मानसानं अमूल्य मार्गदर्शन केलं, तुमच्याच अक्षरात. हे वाचूनच मी त्याईले परत बोलावलं."

रुख्मिणीने ती ओळ वाचली. अक्षर तिचंच होतं. चौदा वर्षांत एक पाहुणा स्वतःच्या परदेशवारीवरच बोलला, एकाला गावाचं नाव शेवटपर्यंत आठवलं नाही, एकाने मोबाइलवरून वाचून दाखवलं. ते सगळे वहीत अमूल्य होते. पाहुण्याला नावं ठेवू नयेत, म्हणून तिने लिहिलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि मग त्या लाजेचाच राग आला.

"चूक माहीच हाये," ती म्हणाली. "म्हूनच आता नाही करत."

"मंग ठेवा ते वही. उद्यापासून दुसरी बाई पाहीन मी लिवाले."

"उद्याचं उद्या. आजची सभा मी लिवनार."

तिने वही परत घेतली, सतरंजीवर मांडी घातली आणि लिहीत लिहीत मोठ्याने वाचायला लागली. "पाहुणे साडेतीन तास उशिरा आले. गरुडावर बोलले. कौशल्याबाईंनी विचारलं की फवारणीनंतर किती दिवसांनी वेचणीला जावं. पाहुण्यांनी उत्तर दिलं नाही."

"पुढं लिव," कौशल्याबाई म्हणाल्या. "उत्तर भेटेपर्यंत ताज्या फवारलेल्या वावरात आपल्यातली एकबी बाई जानार नाही. मालक काहीबी म्हनो."

रुख्मिणीने मान वर करून मांडवाकडे पाहिलं. एक हात वर झाला, मग दहा, मग मोजायची गरज उरली नाही. तिने ठराव लिहिला. ज्यांना येत होतं त्यांनी सह्या केल्या. कौशल्याबाईंनी वेचणीने भेगाळलेला अंगठा हजेरीच्या शाईत दाबून वहीच्या पानावर नीट टेकवला. त्यांच्यामागे बायांची रांग लागली.

सगळ्यात शेवटी रुख्मिणीने आपली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि उघडी वही दोन्ही हातांनी सुधाकररावांपुढे धरली.

"घ्या. पन आताच मिटू नका जी," ती म्हणाली. "अंगठे ओले हायेत."