गुडघ्यांवर चरणाऱ्या गाई

सकाळच्या धुक्यात बादली घेऊन सावेता कुरणात आली आणि जागीच खिळली. तिची गाय जोयाना पुढचे दोन्ही गुडघे टेकून चरत होती. पुढे सरकायची तेही गुडघ्यांवरच. पलीकडे शेजारच्या दोकियाच्या दोन गाई, त्याही तशाच! साऱ्या कुरणात आवाज एकच, गुडघे घासल्याचा. सावेताने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

गेलं वर्षभर गावातल्या गाई गुडघाभर हिरव्या गवतात उभ्या राहून वाळत होत्या. दूध आटत चाललं होतं.

"आटत नाही, ओढलं जातंय," कुंपणापलीकडून दोकिया कुजबुजली. "त्या पारास्किवाची गाय बघ, कशी चकाकते! आपल्या गाईंचं दूध जातंय कुठे, सांगायला हवं का?"

सावेताने मान खाली घातली. त्या एकट्या विधवेच्या दारावर, चेटकीण म्हणून, डांबर फासणारे हात तिचेच होते.

दुपारी तालुक्याहून गुरांचे डॉक्टर साबिन मोगा आले. त्यांनी जोयानाचं तोंड उघडलं. दात तपकिरी, डागाळलेले, हिरड्यांपर्यंत झिजलेले.

"हिला धड चावता येत नाही. उभी राहिली की पाय ठणकतात, म्हणून बिचारी गुडघे टेकते." त्यांनी गवताच्या पात्यावरून बोट फिरवलं, ते करडं झालं. "वाऱ्याच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा कारखाना आहे ना? त्याच्या धुरातलं फ्लोराइड गवतावर बसतं आणि गाईच्या हाडांत साठतं."

"माझा नवरा तिथेच कामाला आहे, डॉक्टर! आणि गवत तर हिरवंगार आहे."

"विषाला रंग असता तर माझी गरजच नव्हती, बाई."

"मग त्या म्हाताऱ्या पारास्किवाच्या गाईला काही कसं होत नाही?"

"चला, तिलाच विचारू."

पारास्किवाने दार बोटभरच उघडलं. डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र ती शांतपणे म्हणाली, "टेकडीमागे आमच्या ह्यांचं कुरण आहे. तिकडे धूर जात नाही. रोज भारा पाठीवर आणते. इथलं गवत खाऊन माझी शेळी अशीच गुडघ्यांवर मेली. मी दारोदार सांगत फिरले, सावेता. तू माझ्या तोंडावर दार लावलंस."

अरेरे, औषध सांगायला आलेल्या बाईलाच आपण रोग ठरवलं!

"मावशी, डांबर मी फासलं होतं," ती म्हणाली आणि तिथेच सुरीने दार खरवडायला बसली.

रविवारी चर्चच्या अंगणात तिने हेच सर्वांसमोर कबूल केलं आणि कारखान्याच्या धुराचंही सांगितलं. नवरा घुश्शात उठून गेला. पण गवताचे नमुने प्रयोगशाळेत गेले, आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. गाई टेकडीमागे हलवल्या. बाहेरून स्वच्छ चारा आला, आंबोणात, म्हणजे गाईंच्या भिजवलेल्या खुराकात, क्षारांचं मिश्रण मिसळलं जाऊ लागलं. कारखान्याच्या धुरांड्यांवर गाळण्या बसायला मात्र दोन वर्षं भांडावं लागलं. जोयानाचे दात काही परत आले नाहीत. सावेता तिला शेवटपर्यंत भिजवलेला कोंडा भरवत राहिली.

वाचकहो, गाय जे खाते तेच दुधातून, हाडांतून बोलते, आणि तिचा चारा हवेइतकाच शुद्ध असतो. धुराकडे बोट दाखवायला धैर्य लागतं. ते नसलं की आपण एखादी एकटी बाई शोधतो!