न उचललेलं कातडं

नेत्रा लेकीला सीलबाईची गोष्ट सांगायला बसली, की सौमित्र न चुकता भांडी घासायला उठायचा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एक सील कातडं उतरवून बाई होते. कोळी ते कातडं लपवून तिच्याशी लग्न करतो. पुढे मुलीला ते सापडतं आणि आई समुद्रात निघून जाते. ही गोष्ट नेत्राने तिकडच्याच बेटांवर ऐकली होती. सीलवर डॉक्टरेट करताना ती तिथल्या गार पाण्यात दिवस दिवस काढायची. मग लग्न, सौमित्रची जपानमधल्या कावासाकी शहरातली नोकरी, आणि तिचा काळा रबरी डायव्हिंग सूट सहा वर्षं कपाटात.

परवा जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरून पत्र आलं, सीलच्या अभ्यासासाठी वर्षभर या म्हणून.

"जाऊ?" तिने विचारलं.

"बघू," म्हणाला हा शहाणा. आणि आज सकाळी सूट पिशवीत कोंबून कचऱ्यात ठेवून आला! जणू होक्काइदोत दुसरा सूट मिळतच नाही.

दिवसभर त्याच्या नाकात खारट वास होता. परतताना ट्रेनमध्ये डोळा लागला, तर खिडकीबाहेर हिरवंगार पाणी. त्यातून गोल डोळ्यांचं एक डोकं त्याच्याकडे बघत होतं, रागाने नाही, नुसतंच. तो दचकून जागा झाला.

बिल्डिंगखाली, कचऱ्याच्या जाळीत, पिशवी तशीच! वर पिवळी चिठ्ठी. चुकीचा कचरा इथे उचलत नाहीत, हे शेजाऱ्यांकडून दोनदा ऐकून घेऊनही स्वारी विसरली होती. खेळून आलेली त्याची लेक ईश्वरी चिठ्ठी वाचत उभी होती.

"बाबा, हे दामे आहे, चालत नाही. मोठं सामान वेगळं द्यायचं असतं." तिने पिशवीत हात घातला. "आईचं कातडं!"

सहा वर्षं कोरड्या असलेल्या सुटाच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. पाऊस तर पडला नव्हता.

"मी नेऊन देते. गोष्टीत मुलगीच देते."

"नको," सौमित्र म्हणाला. "मी देतो."

जिना चढताना त्याला फार भीती वाटली. दारातच त्याने सांगून टाकलं, "मीच टाकला होता. गेलीस तर परत येणार नाहीस असं वाटलं. चुकलो. तू जा."

नेत्राने पिवळी चिठ्ठी सोलून त्याच्या शर्टावर चिकटवली आणि सूट बाल्कनीत वाळत घातला.

"गोष्टीत तो स्वतःहून कधीच देत नाही," ती म्हणाली.

"दिला तर काय होतं?" ईश्वरीने विचारलं.

"कुणाला ठाऊक गं! वर्षाने सांगते. इथेच, याच बाल्कनीत बसून."