बाबांची बिघडलेली भेंडी

आई होती तोवर बाबांचा फोन म्हणजे एवढंच. "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." आई गेली आणि फोन द्यायला कोणी उरलं नाही. मग आम्ही बापलेक एकमेकांचे नुसते श्वास ऐकायचो आणि "ठेवते हं" म्हणून सुटायचो. आईची आठवण तर यायचीच, पण बापही हातातून निसटत चाललाय, हे जास्त छळायचं.

वाचवलं भेंडीने. मी दूरच्या शहरात, इस्पितळात आहारतज्ज्ञ. बाबांची साखर वाढली तेव्हा मी हक्काने दटावलं, "रोज भाजी खायची. भेंडी करा." दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन.

"अगं, पार लगदा झालाय. फेकू का?"

"फेकू नका. तो बुळबुळीतपणाही पोटाला चांगला, साखर हळू चढते त्याने."

तरी नीट व्हावी म्हणून मी शिकवत राहिले. आधी धुवा, कोरडी करा, मगच चिरा. झाकण नको, मीठ शेवटी, वरून लिंबू. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाने भेंडीपुढे मात्र हात टेकले. रोज बिघडायची, रोज फोन यायचा. भेंडीवरून गाडी त्यांच्या गुडघ्यांवर जायची, तिथून आईवर. दह्यातली भेंडी करताना आई गुणगुणायची, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

परवा बाबांच्या शेजारच्या काकूंनी फोन केला. "तुझे बाबा वाटीभर भेंडी देऊन गेले. काय कुरकुरीत झालीये! घड्याळाच्या काचा पुसायच्या फडक्याने एकेक पुसतात म्हणे. महिनाभर तरी देतायत."

मला आधी रागच आला. ड्यूटीवरून येऊन, पायांचे तुकडे पडलेले असताना, मी या माणसाला कढई तापवायला शिकवत होते. मग राग विरला. यांनी खरं सांगून टाकलं, तर उद्यापासून बोलायचं कशावर?

संध्याकाळी फोन आलाच. "आजही चिकटच झाली गं."

"मग उद्या असं करा," मी म्हटलं. "मीठ आधीच टाका, थोडं पाणी घाला आणि वर घट्ट झाकण ठेवा."

असं केल्यावर काय होतं, हे त्यांना आता माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"बरं," ते म्हणाले. "बिघडली की लगेच फोन करतो."