काढून टाकलेल्या तीन ओळी

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका काढायच्या. दाताखाली खडा यावा तशी त्यांना चूक लागायची. सतराव्या वर्षी मी इलेक्ट्रिक गिटार घरी आणली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "याला आवाज कमी करायचं बटण असतं ना?"

असतं. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मी ते त्यांच्यासाठी फिरवत राहिलो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या, आणि कामावर जाण्याआधी गिटार. चव्वेचाळिसाव्या वर्षी मनाने घेतलं, आता स्वतःचा अल्बम करायचाच. निओ-क्लासिकल मेटल. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी व्हायोलिनवर शोभल्या असत्या अशा सुरावटी, पण करकरीत गिटारवर, ड्रमच्या धडाक्यात, आणि असल्या वेगात की ऐकणाऱ्याने श्वास धरून ठेवावा. आठ रचना, गाणारं कुणी नाही. ड्रमवर माझा जुना दोस्त. त्याला आम्ही हातोडाच म्हणतो.

चार रचना झाल्या आणि बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "बरं." तहान लागली तरी बरं, राग आला तरी बरं.

बायको सकाळी लवकर कामाला जायची. बाबांना एकटं ठेवणं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी सराव त्यांच्याच खोलीत करू लागलो. रेकॉर्डिंगसाठी प्रत्येक रचना पाश्चात्त्य स्वरलिपीत, पाच रेघांवर वर-खाली मांडलेल्या टिंबांत, उतरवून ठेवली होती. आठवड्याभराने बाबांनी त्या कागदांकडे हात केला. दिले. मी वाजवायचो, आणि त्यांच्या डाव्या हाताचं बोट ओळीवरून सरकायचं. स्वरलिपी त्यांना कधीच वाचता आली नव्हती. मला वाटलं, वेळ घालवतायत, घालवू देत.

एका सकाळी त्यांनी कागदावर टकटक केली. "बरं!"

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा टकटक. तिसऱ्यांदा मी वाकून पाहिलं. कागदावरची टिंबं खाली उतरत होती आणि मी वर चढत होतो! लिहितानाच चुकलो होतो, आणि दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी कपाळावर हात मारला. बाबांचा चेहरा असा खुलला की आजारपणानंतर मी तो तसा पाहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली.

पाचवी रचना आईवरची. आई जाऊन नऊ वर्षं झाली. संथ सुरुवात, संथ शेवट, आणि मधे तीन ओळी अशा वेगाच्या की सगळ्या अल्बमभर तसलं दुसरं काही नव्हतं. आठ महिने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. बाबांनी त्या ऐकल्या, पेन्सिल उचलली, आणि तिन्ही ओळींवरून थरथरती रेघ मारून समासात शेपटीसारखं वेटोळं काढलं. ही खूण मी लहानपणापासून ओळखत होतो. मजकूर गाळा.

"चूक कुठंय?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. चूक नव्हती. तरी गाळा.

"बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही!" मी म्हणालो. गिटार उचलून बाहेर आलो आणि चार दिवस स्वयंपाकघरात वाजवत बसलो.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "आयुष्यभर त्यांनी लोकांची लाडकी वाक्यं काढली असतील. कुणी भांडायला आलंच नसेल का?"

"आले असतील."

"मग तूही जा, भांड. त्या खोलीत पाऊल न टाकणं म्हणजे भांडण नव्हे. ते आजारी माणसाला शिक्षा करणं झालं."

गेलो. बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर तोच कागद. मी तावातावाने सांगायला लागलो, वेग किती, मेहनत किती, बोटांची अवस्था काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग लुळा उजवा हात डाव्या हाताने उचलून त्या ओळींच्या आधीच्या शेवटच्या टिंबावर ठेवला, आणि हळूच म्हणाले, "बरं." हा बरं मी आधी ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरले होते.

मी तेवढाच एक सूर वाजवला आणि धरून ठेवला. तार थरथरत राहिली. अंगाला हिसका बसला, पळ, आता पळ. तेव्हा कळलं. जिथे मला रडू यायचं, नेमका तिथूनच मी धूम ठोकली होती. या खेपेला थांबलो. सूर विरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो, आईपाशी.

रेकॉर्डिंगला हातोडा कागद बघून म्हणाला, "ते तीन ओळींचं वादळ तू काढलंस? तू? बरं वाटतंय ना तुला?"

"वाटतंय."

"मग मी तिथे काय वाजवू?"

"काही नको."

काठ्या मांडीवर ठेवून हातोडा तो सूर ऐकत बसला. नंतर बराच वेळ नाक शिंकरत होता आणि सर्दी झाल्याचं सांगत होता.

अल्बम निघाला. फार लोकांनी ऐकला असं नाही. एकाने कळवलं, पाचव्यात वेग कमी पडतो. एक बाई म्हणाल्या, पाचवं ऐकताना त्यांनी गाडी कडेला उभी केली.

हिवाळ्यात बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "हे सारखं एक चाल गुणगुणतात. कुठलं गाणं आहे?"

"गाणं नाही, ताई. माझी रचना आहे, आईवरची. शब्दच नाहीत तिला."

"छान. मग आपण घालू. बोलता न येणाऱ्यांना कधी कधी चालीवर शब्द सापडतात." त्यांनी बाबांचा डावा हात धरला, त्यावर ठेका दिला आणि आईच्या चालीवर गायल्या, "पाणी दे."

बाबांनी ओठ जुळवले. "पा..." थांबले. पुन्हा ठेका. पुन्हा चाल. कपाळावर घाम आला. मी दाराची चौकट धरून उभा होतो.

"पाणी दे," बाबा म्हणाले. सुरात नव्हतं, पण होतं.

मी स्वयंपाकघरात धावलो. ग्लास भरताना अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. परत आलो तोवर दोघं पुढच्या ओळीवर गेली होती.