तिसरी हाक येऊ दे

अर्जात खरं कारण लिहायचं नसतं, हे इनोकाला कुणी शिकवावं लागलं नाही. ‘दक्षिण किनाऱ्यावरील तोविल विधींत हाकेचे सामाजिक कार्य’ असा भारदस्त विषय तिने लिहिला आणि त्याखाली असं काही पाल्हाळ लावलं की वाचताना तिला स्वतःलाच जांभई आली. खरं कारण एका ओळीचं होतं. डोंगरातल्या त्या विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात तिच्या वडिलांचा आवाज होता, आणि तिला तो आठवत नव्हता.

तिचे वडील ओडिरिस गुरुन्नान्से म्हणजे वेलिगमच्या पट्ट्यातला तोविल करणारा, भुतं उतरवणारा नावाजलेला माणूस. रात्र रात्र ढोल, मुखवटे, धुपाचा धूर, आणि भुताशी अशी हुज्जत की बघणारी माणसं हसून लोळायची. तो गेला तेव्हा इनोका परकरातली पोर होती. त्याच्या हातांना येणारा राळेचा वास तिला आठवे, चालणं आठवे, आवाज मात्र पार पुसून गेला होता. फोटो भिंतीवर होता, पण फोटो काही बोलत नाही. कॉलेजातलं शिकवणं सहा महिने बंद ठेवून परक्या विद्यापीठात पाहुणी संशोधक व्हायचं, ते एवढ्यासाठी.

तिच्या घराचा एक नियम होता. दिवेलागणीनंतर कुणी दारावर थाप मारली तर उघडायचं नाही. आलेल्याने नावाने हाक मारायची, आणि तिसऱ्या हाकेशिवाय आतून ओ द्यायची नाही. बाहेरच्यांना, म्हणजे भुतांना, दोनच हाका मारता येतात, तिसरी फक्त माणसाची, असं तात्ता, म्हणजे तिचे वडील, सांगत. यामुळे शेजारधर्म घट्ट होतो, असं इनोकाने अर्जात ठोकून दिलं होतं. घरी मात्र तिनेही आपल्या लेकीला तेच शिकवलं होतं. लेकीला सगळे पोडी म्हणत. धाकटी म्हणून. इनोकालाही लहानपणी तेच म्हणत.

मुलाखतीला निघताना अम्माने तळलेल्या मासळीचा भात केळीच्या पानात बांधला आणि वाटेत काही बाधू नये म्हणून वर कोळशाचा तुकडा ठेवला.

“जातेस तर जा. पण त्या यंत्रातून काही ऐकू आलं तर ओ देऊ नकोस.”

“अम्मा, टेप आहे ती! टेपला ओ कोण देतं?”

“तुझ्या बापाने जन्मभर ज्यांना हुसकावलं, त्यांनी त्याचा आवाज ऐकून ऐकून पाठ केलाय. एवढी पुस्तकं वाचलीस, एवढंही कळू नये?”

इनोका हसली. आगगाडीत भाताची पुडी सोडताना हाताला काळं लागलं, म्हणून तिने कोळसा खिडकीतून भिरकावून दिला.

प्राध्यापक हेट्टिगोडा मोठे बोलघेवडे निघाले. मुलाखत कसली, गप्पाच.

“जागा एक आणि अर्ज ढीगभर, बाई. पण गुरुन्नान्सेंची मुलगी आल्यावर बाकीच्यांनी घरी जाऊन झोपावं! एकच अडचण आहे. टेपचा शेवट आजवर कुणाला लिहून काढता आलेला नाही. आधीचे पाहुणे म्हणाले, तिथे नुसती खरखर आहे. तुम्हाला काही सापडलं तर जागा तुमचीच समजा.”

त्यांनी टेप लावली. ढोल सुरू झाले, मग मंत्र. इनोका कान टवकारून ऐकत राहिली आणि हळूहळू तिचं मन खट्टू झालं. मंत्रातला तो चढा, घासलेला सूर कुणाचाही असू शकला असता. एवढ्या लांब येऊन बाप सापडला नाही, म्हणून तिला रडू येऊ लागलं. मग ढोल थांबले. खरखर उरली.

“पोडी.”

मंत्रातला नव्हे, घरातला आवाज. जेवायला बोलावतानाचा, थोडा चिडका, थोडा लाडाचा. इनोकाच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी डोळे भरून आले. हाच. हाच तो.

“पोडी.”

तिसऱ्या हाकेसाठी ती थांबली. नियम अंगात इतका मुरला होता की तिने श्वाससुद्धा रोखला. खरखर चालूच राहिली. चकतीवरची पट्टी संपत आली, आता शेवटचं टोक सुटणार आणि आवाज पुन्हा जाणार, कायमचा. तिला ते सोसेना.

“हो तात्ता,” ती म्हणाली. “आले.”

टेप संपली. प्राध्यापक चष्म्यावरून तिच्याकडे बघत होते.

“कुणाला ओ दिलीत?”

“तुम्ही ऐकलं नाहीत?”

“मला खरखरच ऐकू आली.”

तिने टेप मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितली. ढोल आले, मंत्र आले, ढोल थांबले. पुढे खरखर. आता तिलाही नुसती खरखर. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, तिने दोनदा खाकरून पाहिलं.

“शेवटी ते मुलीला हाक मारतात,” ती कशीबशी बोलली.

“वा! म्हणजे तुमच्याच कानांची वाट बघत होती म्हणायची ही टेप.” प्राध्यापक खूश झाले. “जागा तुमची. वेसाकची पौर्णिमा झाली की या.”

परतीच्या वाटेवर तिला आनंद व्हायला हवा होता. ती गाडीत गप्प बसून राहिली, आणि तिकीट तपासनीसालाही तिने मानेनेच उत्तर दिलं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दार बंद होतं. फटीतून उजेड दिसत होता आणि नारळाच्या दुधात शिजणाऱ्या डाळीचा वास येत होता. तिने हाक मारली.

“पोडी.”

थोडा चिडका, थोडा लाडाचा. तोच आवाज, तिच्या तोंडून. दचकून तिने तोंडावर हात ठेवला. मग नीट, आपल्या आवाजात मारू म्हणून पुन्हा तोंड उघडलं.

“पोडी.”

पुन्हा तोच. आत लेकीची पावलं धावत दाराशी आली आणि शिकवल्याप्रमाणे थांबली.

इनोकाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज फुटेना. तिने दारावर मुठी आपटल्या. आतली पावलं मागे सरली.

“आज्जी, कोण आहे गं?”

“तुझ्या आजोबांचा आवाज आहे,” अम्मा म्हणाली. “कडी काढू नकोस बाळा. तिसरी हाक येऊ दे.”