ठकीसाठी घेतलेलं नाव

गौलीगुड्यातल्या इंदुताईंना एक सवत होती, आणि ती अस्वल होती. हे मी पदरचं सांगत नाही. भाजीवालीपासून देवळातल्या बायकांपर्यंत त्या स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायच्या. नवरा नामदेवराव त्या तेलुगू-उर्दू शहराच्या दुसऱ्या टोकाला एका ट्रस्टच्या प्राणीबागेत रखवालीला होता. मोठं सरकारी झू वेगळं. ही बाग आपली छोटी, एक म्हातारा वाघ, ढीगभर माकडं, काही हरणं आणि एक अस्वल, एवढ्यावर चालायची. अस्वलाचं नाव ठकी. मदाऱ्याकडून सोडवून आणलेलं ते पिल्लू नामदेवरावांनी हातावर वाढवलं, आणि तेव्हापासून घरात जेवताना ठकी, झोपताना ठकी. आज ठकीनं पाणी कसं उडवलं, आज ठकीचं नाक कसं चोंदलं. बायकोला सकाळपासून ताप असला तरी या गृहस्थाला ते रात्री पानावर बसल्यावर कळायचं.

बरं, रागावून करणार काय? सकाळी भाकऱ्या थापताना एक जाडजूड भाकरी त्या सवतीची व्हायचीच, वर गुळाचा खडा. "तुमच्या लाडकीची," म्हणत इंदुताई ती फडक्यात बांधून ओट्यावर आदळायच्या. नामदेवराव हसायचे, फडकं सायकलला अडकवायचे आणि जायचे. चल, एकदा बघायला तरी ये, असं ते कितीदा म्हणाले. सवतीच्या दारात कोण जातं, असं म्हणून इंदुताईंनी कधी बागेत पाऊल टाकलं नाही. हट्टाला बाई मोठी होती.

मग एका उन्हाळ्यात नामदेवराव गेले. चार दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं. त्याच उन्हाळ्यात बागेत पाण्याची बोंब झाली, हरणं मेली, पेपरात फोटो छापून आले. लोकांनी तोंड फिरवलं. तसंही घरोघरी केबल आलं होतं, वाघ-सिंह पलंगावर लोळत बघायला मिळत होते, मग त्या उन्हातान्हात मरायला कोण जाणार? ट्रस्टनं एकेक पिंजरा बंद केला. ठकी तर आपणहूनच बंद झाली. आतल्या खोलीत जी शिरली ती माणसांच्या देखत बाहेर यायचीच बंद झाली.

इकडे इंदुताईंचं काही फार वेगळं नव्हतं. मुलगा विक्रम कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेत. रविवारी फोन यायचा, निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. खोल्या विकून टाक आणि इकडे ये, असं तो म्हणायचा. नक्को रे बाबा, असं त्या म्हणायच्या. दिवसभरात बोलायला माणूस नाही, तरी संध्याकाळी बोळात सायकलची घंटा वाजली की त्या चहाचं आधण ठेवायला उठायच्या. ओट्यापर्यंत जायच्या आणि मग आठवायचं. जास्तीची भाकरीही हातून होतच राहिली. ती बोळातल्या गाईला जायची.

अशात एके दिवशी दारात मोटार थांबली आणि उदय नावाचा पोरसवदा साहेब उतरला. पुण्याचा. बागेला पुन्हा उभं करायला ट्रस्टनं त्याला आणलं होतं. त्यानं चहा पिता पिता सगळं सांगितलं. एकेक पिंजरा दुरुस्त करून उघडायचं चाललंय, हरणं आणली, पक्ष्यांचं घर उघडलं, शाळांना बोलावलं, लोक थोडे थोडे यायला लागलेत. पण जो येतो तो एकच विचारतो, ठकी कुठंय? ज्यांनी लहानपणी तिला पाहिलं ते आता आपली पोरं घेऊन येतात. तिच्या पिंजऱ्याच्या उद्घाटनाला एका शीतपेयाच्या कंपनीनं पैसा लावला होता, तेलुगू आणि उर्दूतली पोस्टरंही लागली होती. आणि ठकी बाहेर येत नव्हती. नवा रखवालदार यादगिरी भला माणूस, मध ठेवून झालं, केळी ठेवून झालं, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात तब्येत उत्तम आहे. तिच्या कानाला मराठीची सवय आहे, घरचं माणूस बोललं तर येईल, अशी उदयची समजूत होती.

"माझा काय संबंध?" इंदुताई म्हणाल्या. "मी तिला डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही."

कप विसळायला घेऊन त्यांनी त्याला वाटेला लावलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यात भाकरी बांधून बस धरली. आता याला काय म्हणायचं!

ठकीचं अंगण खोल होतं, मधोमध कडुनिंब, भोवती कठडा, आणि पलीकडच्या भिंतीत आतल्या खोलीचं काळं दार. इंदुताईंनी हाक मारली. काही नाही. भाकरी खाली टाकली. बऱ्याच वेळानं दारातून एक मळकट नाक बाहेर आलं, मग पंजा. भाकरी आत ओढली गेली. "खाने को आती अम्मा, दिखने को नक्को बोलती," यादगिरी म्हणाला.

तरी इंदुताई येत राहिल्या. कठड्याशी दगडावर बसायच्या आणि त्या काळ्या दाराशी भांडायच्या. भवाने, माझा नवरा खाल्लास, भाकऱ्या खाल्ल्यास, आता तोंड दाखवायला लाज वाटते होय? भांडण संपलं की इतर सांगायच्या. विक्रमचा फोन, वरच्या मजल्यावरची गळती, गुडघा. वर्षभरात त्या इतकं कुणाशी बोलल्या नव्हत्या. आतून कधी कधी फुस्स असा श्वास यायचा, आणि ऐकणारं कुणी आहे एवढ्यानं बाईला बरं वाटायचं.

पण एक गोष्ट होती. ठकी बाहेर कशानं येईल ते इंदुताईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नामदेवरावांनी जेवताना ती गंमत शंभरदा सांगितली होती. फाटकावरचा जुना चौकीदार त्यांची सायकल वळणावर दिसली की ओरडायचा, नामदेवराव आ गये! आणि सायकल भिंतीला टेकायच्या आत ठकी अंगणात येऊन उभी. तो चौकीदार केव्हाच लेकीकडे निजामाबादला गेला होता. यादगिरी आणि उदयनं ते दिवस पाहिलेच नव्हते. सांगायला एक इंदुताई होत्या, आणि त्या तोंड मिटून बसल्या होत्या.

का, म्हणाल? अहो, ती धावत बाहेर येणार, वाटेकडे बघणार, आणि तिथे कुणीच नसणार. घंटा ऐकून ओट्यापर्यंत जाणं म्हणजे काय, हे इंदुताईंना कुणी शिकवायला नको होतं. ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला, मग ती सवत का असेना, आपल्या हातानं द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी उदय त्यांच्याजवळ येऊन बसला. ट्रस्टची बैठक झाली होती.

"काकू, उद्या ती बाहेर आली नाही तर तिला दुसऱ्या राज्यातल्या बागेत पाठवणार आहेत. इथे मुलांची आगगाडी करायचं ठरलंय."

"तिथे तिला कोण ओळखतं?"

"कुणी नाही," उदय म्हणाला.

इंदुताई घरी गेल्या, पण घास काही गिळेना. ठकी गेली तर नामदेवरावांचा वास ओळखणारं या शहरात दुसरं कोण उरणार होतं?

दुसऱ्या दिवशी बागेत ही गर्दी! शाळेची पोरं, फुगेवाले, बुरखेवाल्या बाया, सायबर का काय म्हणतात तिकडच्या कॉम्प्युटरच्या नोकरीतली नवी जोडपी, कंपनीच्या लाल पताका. यादगिरीला नवा कोरा गणवेश. कुणीतरी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि मग सगळे कठड्याला लगटून त्या काळ्या दाराकडे बघत उभे राहिले. पोरं ठकी-ठकी ओरडून थकली. एक बाई पोराला ओढत निघालीसुद्धा. कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागला आणि उदयचा चेहरा उतरला.

इंदुताईंनी त्याला बाजूला घेतलं आणि फाटकावरच्या हाकेचं सगळं सांगून टाकलं. तो बिचारा मघापासून माइक धरूनच होता. त्यानं तो तोंडाशी नेला, तशी इंदुताईंनी त्याचा हात धरला.

"थांब. तिला फसवायचंच असेल तर माझ्या तोंडून फसू दे. परक्यानं नको."

म्हणाल्या खऱ्या, पण कठड्याशी गेल्यावर तोंड उघडेना. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. एरवी हे, अहो, विक्रमचे बाबा. रेशनच्या दुकानात नाव सांगायची वेळ आली की लहानग्या विक्रमला पुढे ढकलायच्या. दवाखान्यात पेशंटचं नाव काय म्हणून नर्स खेकसली, तेव्हाही यांच्या तोंडून ते निघालं नाही. खाटेवरून त्या तापल्या माणसानं स्वतःच आपलं नाव सांगितलं होतं. ते आता बाईला आठवलं. एवढंसुद्धा आपण त्यांच्यासाठी केलं नाही.

त्यांनी पदर खोचला, कठडा घट्ट धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या.

"नामदेवराव आ गये!"

काळ्या दारातून ठकी अशी सुटली की पुढची पोरं दचकून मागे सरली. मग सगळ्या बागेत एकच कल्लोळ. टाळ्या, शिट्ट्या, उदयनं तर यादगिरीला मिठीच मारली. ठकीचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ती कडुनिंबाखाली मागच्या पायांवर उभी राहिली, नाक वर केलं आणि फाटकाच्या वाटेकडे बघू लागली.

आणि आता वेडेपणा ऐका. इंदुताईंनीही वळून तिकडेच पाहिलं. हाक स्वतःची, खोटी आहे हे स्वतःला ठाऊक, तरी पाहिलं. वाटेवर एक फुगेवाला होता, आणि चप्पल तुटलेली एक मुलगी.

ठकी किती तरी वेळ तशीच उभी होती. मग खाली आली, वळली आणि परत त्या काळ्या दाराकडे निघाली. टाळ्या विरल्या. इंदुताई कठड्यावर ओणवल्या.

"ठके, ते आता यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "ते मेले. मी आलेय. मला कुणी नाही, ठके."

नामदेवराव गेल्यापासून हे शब्द त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, विक्रमजवळही नाही. त्याला फोनवर त्यांनी तुझे बाबा आपल्यात नाहीत, एवढंच सांगितलं होतं. आता एवढ्या लोकांत, अस्वलासमोर, बाई हुंदके देऊन रडायला लागली. जवळच्या एका बुरखेवालीनं काही न विचारता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रडता रडताच त्यांनी फडकं सोडलं आणि भाकरी खाली टाकली.

ठकी थांबली. आता तिला सगळं कळलं, असल्या गोष्टी मी रचणार नाही. अस्वलाला काय कळतं? गुळाचा वास आला असेल. पण ती थांबली, भाकरीपाशी आली आणि कडुनिंबाखाली बसली. लोकांकडे पाठ करून, तोंड फाटकाच्या वाटेकडे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला त्यात निव्वळ काळी पाठ होती, पण लोकांना तेवढीही पुरली. ठकी राहिली.

पोरांचा मात्र समज झाला की नामदेवराव हे अस्वलाचंच नाव. दिवसभर कठड्यावरून एकच ओरडा, नामदेवराव, ए नामदेवराव! उदय शरमला आणि पोरांना गप्प करायला धावला. राहू दे, इंदुताई म्हणाल्या, कुणी तरी घेतंय ना नाव. ठकी त्या ओरड्याला एकदाही हलली नाही. एकदा फसली तेवढं पुरलं असेल.

इंदुताई संध्याकाळी घरी आल्या, पाय धुतले आणि दिवा लावून भिंतीला टेकून बसल्या. बोळात सायकलची घंटा वाजली. त्या उठल्या नाहीत.

"नामदेवराव," त्या हळूच म्हणाल्या. आता ते नाव घ्यायला कुणाची आडकाठी होती? सायकल दारावरून पुढे निघून गेली. मग इंदुताईंनी उठून उद्याच्या भाकरीपुरतं पीठ आहे का ते डब्यात पाहिलं.