तिसऱ्या पानाचे टोक

मी एक जुना लाकडी ठसा आहे. कपाटावर, मोडक्या पेट्यांच्या मागे पडून असतो. मित्रांनो, खरे सांगतो, घरात कोणी "सरपण संपलं" म्हटले की मी पेट्यांच्या आणखी मागे सरकू पाहतो.

माझा जन्म एका चिठ्ठीमुळे झाला. समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याने कापड छापणाऱ्या रंगाऱ्याला एक चित्र पाठवले होते. वेल इकडची हवी, पण तिच्यावर फूल तिकडचे हवे, आणि कापड लाल नको, पांढरे हवे. ते फूल आमच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. ठसे कोरणाऱ्या म्हाताऱ्या सुताराने चित्र उलटसुलट करून बघितले आणि विचारले, "हे फूल आहे की कोबी?" तरी बिचाऱ्याने कोरले. वेल मात्र त्याच्या हातातलीच होती. सगळे मनासारखे झाले आणि अगदी शेवटी पटाशी निसटली. तिसऱ्या पानाचे टोक उडाले.

सुताराचा चेहरा पडला. रंगाऱ्याची बायको म्हणाली, "काका, जिवाला लावून घेऊ नका. तेवढं टोक मी काडीनं भरीन."

तिने शब्द पाळला. रंगारी मला रंगात टेकवून कापडावर ठेवी, वरून मुठीने ठोकी, आणि ती मागोमाग एकेका पानाला टोक काढत जाई. लोक कापडाचे कौतुक करत आणि मी उगाच फुशारून जाई. पण मनात धाकधूक असेच. हिचा हात थांबला तर माझे व्यंग उघडे पडेल.

एकदा तो थांबलाच. ती तापाने फणफणली होती आणि गलबत सुटायला दोन दिवस उरले होते. रंगाऱ्याने तुटक्या पानांच्या कापडाचा गठ्ठा तसाच बांधला. "तिकडे कोण एवढं बघतंय?" तो म्हणाला.

बघणारे होते. काही वर्षांनी व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या बंद झाल्या आणि बाजारात यंत्रावर छापलेले परदेशी कापड आले. त्यावर माझी वेल होती, ते कोबीसारखे फूल होते, आणि प्रत्येक वेलीचे तिसरे पान तुटके होते.

रंगारी आपले कापडाचे ठाण घेऊन नेहमीच्या दुकानात गेला. दुकानदाराने ते उलगडले आणि बाजूला सारले. "नक्कल करायची तर धड तरी करा. अस्सल मालात हे पान तुटकं असतं."

रंगारी घरी येऊन भिंतीला टेकून बसला. "उद्यापासून टोक भरू नकोस," तो बायकोला म्हणाला. "तुटकंच खपतं."

तिने मला फडक्यात गुंडाळले, रंगाची वाटी घेतली आणि तडक दुकान गाठले. दुकानदारासमोर मला रंगात टेकवून त्या परदेशी कापडावर पालथे ठेवले, ठोकले, उचलले. रेघेवर रेघ बसली होती. तुटक्या पानावर तुटके पान.

"दादा, फूल त्यांचं असेल. पण हे पान आमच्या सुतारकाकांच्या हातून मोडलंय. मी आजारी होते म्हणून ते तसं गेलं."

दुकानदाराने त्या पानावरून बोट फिरवले. "वहिनी, खरं आहे तुमचं," तो हळूच म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला काय सांगू? ते स्वस्त आहे."

खरे ठरूनही आम्ही हात हलवत परतलो. मग काम आटत गेले. रंगाच्या कढईखाली एकेक ठसा जळू लागला, आधी किनारीचे, मग मोठे. माझे भाऊच ते. एके दिवशी रंगाऱ्याने मला उचलले. धग तोंडावर आली आणि मी समजलो, आटोपले.

"अहो, हा नको!" ती ओरडली. "हा गेला तर वेल आपली होती म्हणून दाखवू काय?"

आता ती दोघेही नाहीत. नातवंडांना मी कोण ते ठाऊक नाही. परवाच कोणी तरी मला हातात घेऊन म्हणाले, "सुकं आहे, छान पेटेल." मित्रांनो, घरात असे एखादे काळवंडलेले लाकूड सापडले, तर चुलीत घालण्याआधी एकदा पालथे करून बघा.

आणि कुठल्या पडद्यावर, उशीच्या अभ्र्यावर अशी वेल दिसली तर तिसरे पान शोधा. टोक नसेल, तर ती नक्षी समजू नका. त्या दिवशी एका बाईला ताप होता.